ओढ्यापलीकडची तांबडी

अंबुबाईच्या परसातली पहिली कोंबडी मेली तेव्हा कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. कोंबड्यांचं जगणं ते काय! मुंगूस टपलेलं असतं, मांजर टपलेलं असतं, आणि दोघांच्या तावडीतून सुटल्या तर हवा पालटताना मानमोडी येते आणि माना वाकड्या करून चार-दोन घेऊन जाते. अंबुबाईनं कोंबडीला पायाला धरून उचललं, तिच्या नवऱ्यानं, सोनबांनी, खड्डा काढला आणि दोघं चहा प्यायला बसली.

मग एका सकाळी तिनं खुराड्याचं दार उघडलं, तर आत बऱ्याचशा हलल्याच नाहीत.

मारुंजीतलं हे घर पूर्वी कौलारू होतं आणि भोवती ऊस होता. आता उसाच्या जागी चारमजली इमारत होती. तिच्या खोल्यांत हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये जाणारी पोरंपोरी भाड्यानं राहत. सकाळी त्यांच्या कॅबचे हॉर्न आणि अंबुबाईचा कोंबडा एकाच वेळी ओरडायचे. वरच्या मजल्यावरची एक मुलगी म्हणायची, "आजी, तुमच्या कोंबड्यामुळे मला गजर लावावा लागत नाही." जमीन गेली, बैल गेले, गोठ्याचं पार्किंग झालं. अंबुबाईनं सगळं सोसलं, पण पाण्याच्या टाकीमागची कोंबड्यांची जागा काही तिनं दिली नव्हती.

आता कोंबडा ओरडत नव्हता. त्याचा तुरा काळाजांभळा पडला होता, डोळे सुजून मिटले होते आणि चोचीतून पाणी गळत होतं. ही मानमोडी नव्हती. उभ्या जन्मात तिनं कोंबड्याचा असा तुरा पाहिला नव्हता.

"रणजीत, हे येगळंच काय तरी हाय रे," ती लेकाला म्हणाली.

रणजीतला ते आधीच कळलं असावं. महिनाभरापूर्वी एका टेम्पोवाल्याकडून त्यानं स्वस्तात कोंबड्या घेतल्या होत्या आणि त्या आईच्या कोंबड्यांत सोडल्या होत्या. भाडेकरूंना तो रविवारी 'गावरान थाळी' पुरवायचा. धंदा नुकता कुठं धरत होता.

"आई, गावभर बोंबलू नकोस," तो म्हणाला. "सरकारी डॉक्टरला कळलं तर गाडी येईल. आपल्या तर मारतीलच, आजूबाजूच्याही सगळ्या कोंबड्या मारतील. लोक आपल्या नावानं खडे फोडतील. थाळी बंद ठेवतो मी थोडे दिवस. तू मेलेल्या पुरत जा, चुना टाक वरनं."

"आन ज्या अजून जित्या हायेत त्यांचं?"

"जगल्या तर जगल्या."

अंबुबाईला काळजी होती ती कोंबड्यांची नव्हती. तिची नात तेजस्विनी सगळा दिवस त्या कोंबड्यांतच असायची. शाळेतून आली की दप्तर फेकून आधी टाकीमागं पळायची. एकेकीला नाव ठेवलेलं. तांबड्या पिसांच्या, गुबगुबीत कोंबडीला ती नुसतं 'तांबडी' म्हणायची आणि मांडीवर घेऊन तिला पाढे म्हणून दाखवायची.

दुपारी चुलतसासू सोजरबाई आली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. काठी टेकत टाकीमागं गेली, खुराड्यात वाकून पाहिलं आणि माघारी आली.

"मरीआईचं हाय हे," ती म्हणाली. "खड्डं काय खणताय? शिवंपार करा."

आता ही शिवंपार करायची रीत गावातल्या तरुणांना ऐकूनही ठाऊक नव्हती. पूर्वी पटकी आली, देवी आल्या, गुरं मरायला लागली, की रोगराई मरीआईच्या नावानं गावाबाहेर नेऊन सोडत. एक जिवंत कोंबडी घ्यायची, डोक्याला हळदकुंकू लावायचं आणि गावची शीव ओलांडून सोडून द्यायची. ती गेली की तिच्याबरोबर रोग गेला. सोडलेल्या कोंबडीला जाणतं माणूस कधी हात लावत नसे. मारुंजीची हद्द कागदावर पार पुढं हिंजवडीपर्यंत जाते. पण जुन्या माणसांच्या लेखी गाव ओढ्यापाशी संपायचं.

"आन ध्यानात धर," सोजरबाईनं काठी वर करून बजावलं. "जाताना बोलायचं न्हाई, येताना मागं बघायचं न्हाई. आन सोडल्यावर त्याचं नाव काढायचं न्हाई, कुणापाशी म्हंजी कुणापाशी. बोललीस की परतलं समज. आन परतलं, की मग ते कोंबड्यांवर थांबत न्हाई. घरातल्या लेकरावर येतं."

अंबुबाईच्या डोळ्यांपुढं तेजूच उभी राहिली.

खुराड्यात आजाराचं लक्षण नसलेली पिल्लं सोडली तर एकच कोंबडी उरली होती. ऊन कलल्यावर, तेजू शाळेतून यायच्या आत, अंबुबाईनं तांबडीच्या डोक्याला हळदकुंकू लावलं, तिला पदराखाली घेतलं आणि ती ओढ्याकडं निघाली. पूल ओलांडला, बाभळीखाली कोंबडी ठेवली आणि वळली. पाठीमागं तांबडी एकदा हलकेच कुरकुरली. अंबुबाईनं मागं पाहिलं नाही.

संध्याकाळी तेजू रडली. "तांबडी कुठंय?" म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं. "मुंगसानं नेली," असं सांगून आजीनं तिला कुशीत घेतलं.

घरातल्या कोंबड्यांचं मरण थांबलं. आता मरायला फारशा उरल्याच नव्हत्या; पण जी एक-दोन पिल्लं होती ती जगली. सोजरबाई येता-जाता मान डोलवायची. अंबुबाईला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगा, तिला वाटलं, जुनी माणसं काही वेडी नव्हती.

आणि मग एके दिवशी तेजू शिकवणीहून उड्या मारत आली.

"आज्जी! आपली तांबडी सापडली! मुंगसानं नाही नेली तिला. साक्षीताईंकडे आहे!"

अंबुबाईच्या हातातली परात खाली पडली.

ओढ्यापलीकडं जुनी बौद्धवस्ती होती. आता तिथंही दुमजली घरं झाली होती, जिने रंगले होते, दारात मोटारसायकली होत्या. पहिलंच घर सरूबाईंचं. त्यांचे यजमान भिवा पिंपरीच्या एका कंपनीत तीस वर्षं लेथवर उभे राहिले आणि त्यातून हे घर उभं राहिलं. भिवा आता नव्हते. मुलगा नागसेन चाकणला शिफ्टमध्ये जायचा. त्याची बायको साक्षी विज्ञानाची पदवीधर होती. वस्तीतल्या आणि आजूबाजूच्या खोल्यांतल्या मुलांना ती खालच्या पडवीत शिकवायची. मुलं तिच्यावर जीव टाकत. गावातूनही पाच-सहा जण जायचे, त्यांत तेजू होती.

अंबुबाई तशीच उठली आणि तेजूला मोरीत नेऊन डोक्यावरून पाणी ओतलं, साबणानं हात घासले, मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. तेजू म्हणाली, "आज्जी, डोळ्यात साबण जातोय!" आजीनं ऐकलंच नाही. मग पायात चपला सरकवून ती पुलाकडं गेली.

पडवीत मुलं पांगली होती, पण साक्षी अजून तिथंच होती. ती मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीत, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, तांबडी होती. हळदकुंकू पुसट झालं होतं. मान खाली गेली होती. तुऱ्याच्या टोकाला जांभळी छटा आली होती.

"या काकू!" साक्षी हसली. "तुमचीच ना ही? तेजूनं ओळखली. बाभळीखाली बसली होती बिचारी. मुलं जवळ जाईनात. एक म्हणतो, हात लावला की माणूस मरतं. दुसरा म्हणतो, रक्त ओकतं. मी म्हटलं, चला, आजचा धडा हाच. सगळ्यांच्या समोर उचलून घेतली. आणि मग एकेकाला हात लावायला लावला. काय होतं? काही होत नाही. हळदकुंकू म्हणजे हळदकुंकू आणि कोंबडी म्हणजे कोंबडी."

तिनं हे कुठल्याही रागानं सांगितलं नव्हतं. मुलांच्या मनातली एक भीती काढून टाकली म्हणून ती खूश होती, आणि ती खुशी तिच्या चेहऱ्यावर दिसत होती.

अंबुबाई पडवीच्या पायरीशी थांबली. आमच्या सगळ्या मेल्या बाई, अशाच तुरा काळा पडून मेल्या, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. चार शब्दांचं काम होतं. पण त्या चार शब्दांच्या पलीकडं तिला तेजूचा चेहरा दिसत होता, आणि सोजरबाईची वर केलेली काठी.

"सोडून द्या तिला," ती एवढंच म्हणाली.

"कशी सोडू? आजारी दिसतेय. नाकातोंडातून पाणी येतंय, मी पुसतेय मघापासून. मुलांनी तांदूळ आणलेत तिच्यासाठी."

"हात लावू नका तिला, साक्षी. माझं ऐका."

"काकू," साक्षी मऊ आवाजात म्हणाली, "तुमच्या श्रद्धेचा मला अपमान करायचा नाही. पण मुलांना मी आजच सांगितलंय की भ्यायचं कारण नाही. आणि आता मीच भिऊन सोडून दिली, तर ती काय शिकतील?"

साक्षी म्हणत होती ते बरोबरच होतं, आणि तरी तिच्या मांडीत मरण बसलेलं होतं. अंबुबाई परतली. तेजूला तिनं सांगितलं, "उद्यापासनं शिकवणी बंद." कारण विचारलं तर म्हणाली, "मी म्हणते म्हणून."

तांबडी मेली हे तिला तेजूच्याच मैत्रिणींकडून कळलं. मुलांनी ओढ्याकाठी तिला पुरलं होतं, वर झेंडूची फुलं वाहिली होती, आणि सगळ्यांनी आळीपाळीनं तिच्या पिसांवरून शेवटचा हात फिरवला होता.

त्यानंतर शिकवणी आपोआपच बंद झाली. साक्षीताईंना ताप आला होता.

आधी लोक म्हणाले, व्हायरल आहे. मग डेंग्यू असेल म्हणाले. वस्तीत औषधाची फवारणी झाली. मग एका दुपारी पुलावरून रुग्णवाहिका आली. अंबुबाई गच्चीवर पापड वाळत घालत होती, तिथून तिला सगळं दिसलं. नागसेननं आणि आणखी एकानं साक्षीला स्ट्रेचरवर धरून आणलं. तिच्या तोंडाला प्राणवायूची नळी होती. गावाकडच्या बाया पुलाच्या अलीकडं, तिच्या घराखालीच, उभ्या राहून पाहत होत्या.

"सुटली बाई आपल्यामागची पीडा," त्यांच्यातली एक म्हणाली. तिला कोंबडीबद्दल काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सोजरबाईनंच कुठं तरी जीभ सैल सोडली असणार. बाकीच्या हसल्या नाहीत, पण गप्पही बसल्या नाहीत. "न्हाय तर आपल्याच गावात आलं असतं," कुणीतरी म्हणालं.

अंबुबाईनं पापडांकडं पाहिलं. ही रीत तिनं जन्मभर ऐकली होती, पण तिचा अर्थ असा उन्हात मांडलेला कधी पाहिला नव्हता. रोग जातो म्हणजे कुठं जातो? नाहीसा होत नाही. पलीकडं जातो. पलीकडं कुणी तरी असतंच.

त्या दिवशी तेजू जेवताना म्हणाली, "आज्जी, साक्षीताईंना का झालं?"

"देवाला ठावं."

"पण तू त्यांना म्हणाली होतीस ना, हात लावू नका? मी पुलावर उभी होते, मी ऐकलं." तेजूनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "म्हणजे तुला माहीत होतं."

सोनबा जेवता जेवता थांबले. रणजीतनं मान वर केली. "तेजू, गप जेव," तो म्हणाला.

"सांगितलं असतंस तर ताईंनी ऐकलं असतं," तेजू म्हणाली. "त्या कारण सांगितलं की ऐकतात. नुसतं 'मी म्हणते म्हणून' सांगितलं की नाही ऐकत."

अंबुबाई नातीकडं पाहत राहिली. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तेजूचा एक डोळा लाल झाला आहे.

"चोळलास काय गं डोळा?"

"खाजतोय जरा."

कोंबड्यांचेही आधी डोळेच गेले होते.

अंबुबाई उठली. हात धुतले. लुगडं बदललं. "येते," म्हणाली.

"कुठं निघालीस?" रणजीत दारात आडवा आला. "आई, हे बघ, तिथं जाऊन काही बरळू नकोस. आपल्या कोंबडीमुळं झालं असं म्हटलंस तर पोलीस केस होईल. भाडेकरू खोल्या सोडून जातील. आणि तुझं ते शिवंपारचं... तूच म्हणतेस ना, बोललं की परत येतं? मग?"

त्याला यातल्या कशावरही विश्वास नव्हता. पण कुठं बोट ठेवलं की आई थांबते, ते लेकाला बरोबर माहीत होतं.

"परत आलंय ते, रणजीत," ती म्हणाली. "मी न बोलताच आलंय. तुझ्या पोरीचा डोळा बघ. तिला घिऊन माझ्या मागं ये."

सोनबांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. "बाजूला हो रं," ते लेकाला म्हणाले. "तिच्यासंगं मी जातो. तू गाडी काढ पोरीसाठी."

दोघांची रिक्षा हिंजवडीच्या चौकात अडकली. दोन्हीकडं कंपन्यांच्या कॅब, बस, पुढं-मागं नुसते लाल दिवे. कुणी हलत नव्हतं. रिक्षावाला म्हणाला, "आजी, हे रोजचंच. नशीब चांगलं तर अर्ध्या तासात सुटू." अंबुबाईनं आयुष्यात कधी असा वेळ मोजला नव्हता. तिला वाटलं, ही सगळी माणसं त्या ओढ्याच्या पलीकडची आहेत. एवढी माणसं.

चिंचवडच्या ज्या मोठ्या हॉस्पिटलात साक्षीला नेलं होतं, तिथं अतिदक्षता विभागाबाहेर बाकड्यावर सरूबाई बसल्या होत्या. पांढरं पातळ, मांडीवर पिशवी. त्या इतके दिवस चिखलीला लेकीच्या बाळंतपणाला होत्या. सून आजारी पडल्यावरच परत आल्या होत्या. नागसेन भिंतीला टेकून उभा होता. अंगात अजून कंपनीचाच गणवेश होता.

"अंबुबाई?" सरूबाई उठल्या. "तुमी हितं?"

"कशी हाय पोर?"

"फुप्फुसं भरलीत म्हणतात. मशिनवर घेतलंय. डेंग्यू न्हाई, करोना न्हाई, कशाचाच पत्ता लागंना. डॉक्टरीणबाई सारखं येऊन इच्यारतात, कुठं गेली व्हती, काय खाल्लं, घरात जनावरं पाळता का. आमच्यात कुठलं जनावर?"

"मी सांगितलं त्यांना, आमच्याकडे काही नाही," नागसेन म्हणाला. "माझी रात्रपाळी होती काकू. मी सकाळी येऊन झोपायचो. दिवसभरात काय झालं, मला खरंच..."

सोनबा मागं थांबले आणि अंबुबाई पुढं झाली.

"सरूबाई, तिच्या मांडीवर कोंबडी व्हती. माझी. आमच्या सगळ्या कोंबड्या मेल्या, रोग व्हता. एक जिती व्हती ती म्या... म्या ओढ्याच्या पलीकडं नेऊन सोडली. हळदकुंकू लावून."

आत कुठलं तरी यंत्र एका लयीत वाजत होतं.

"शिवंपार," सरूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पूर्वी ती कोंबडी माझ्या सासऱ्याच्या हातात द्यायचे तुमी लोक. काम नेमून दिल्यालं. घरधनी कंपनीत लागले आन बापाला म्हणाले, आबा, आता बास. दुसऱ्याचा रोग आपुन वाहायचा न्हाई. त्या दिसापासनं आमी न्यायचं बंद केलं." त्या थांबल्या. "तुमी पाठवायचं बंद केलं न्हाई. शीव वलांडली की पयलं दार माझंच लागतं, अंबुबाई. तुमाला पूल दिसला, बाभळ दिसली. दार दिसलं न्हाई."

अंबुबाईनं मान खाली घातली. तिला रडू येत होतं, पण इथं रडायचा हक्क आपला नाही, एवढं तिला समजत होतं.

"आई, ते नंतर," नागसेन एकदम भानावर आला आणि काचेच्या दाराकडं धावला. "मॅडम! डॉक्टर मॅडम!"

डॉक्टर तनुजा बाहेर आल्या. चाळिशीच्या आतबाहेरची, सडपातळ बाई. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी अंबुबाईला बाकावर बसवलं, स्वतः समोर उकिडव्या बसल्या आणि एकेक प्रश्न शांतपणे विचारला. किती कोंबड्या होत्या? तुरे कसे झाले होते? कुणी कापल्या, कुणी सोलल्या? कुणी पुरल्या? अंबुबाईनं टेम्पोपासून सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. डॉक्टरांचा चेहरा बदलत गेला.

"बर्ड फ्लू असू शकतो," त्या म्हणाल्या. "पक्ष्यांचा फ्लू. माणसाला सहसा होत नाही. पण आजारी पक्षी हाताळला, त्याची लाळ, विष्ठा हाताला लागली, आणि तोच हात डोळ्याला, नाकाला गेला, तर होतो. आणि झाला की फार वाईट होतो. आता घशातला नमुना वेगळ्या तपासणीला पाठवते. औषध मात्र निकालाची वाट न बघता आत्ताच सुरू करते."

"वाचंल का ती?" सरूबाईंनी विचारलं.

डॉक्टर उठून उभ्या राहिल्या. "हे औषध ताप आल्या आल्या दिलं तर जास्त चालतं. उशीर झालाय. पण मी प्रयत्न सोडलेला नाही." मग त्या अंबुबाईकडं वळल्या. "दुसरं सांगा. आणखी कुणी हात लावला होता त्या कोंबडीला?"

अंबुबाईच्या कानात साक्षीचा तो खुशीतला आवाज घुमला. एकेकाला हात लावायला लावला.

"समद्यांनी," ती म्हणाली. "शिकवणीच्या समद्या पोरांनी."

पुढचं सगळं भराभर झालं. तेजूला रणजीतनं आणलं, तिचा नमुना घेतला, गोळ्या सुरू झाल्या आणि तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. काचेतून तिनं आजीला हात केला. रणजीत काचेपाशी उभा होता. आपण कोंबड्या कुठून घेतल्या, ते तो सरकारी माणसाला खाल मानेनं सांगत होता. गावात पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, तोंडं झाकलेली. घराघरातल्या कोंबड्या पोत्यात भरून नेल्या, जमिनीवर चुना पसरला. सोजरबाईनं दार लावून घेतलं. भाडेकरूंपैकी काही जण बॅगा घेऊन निघून गेले.

आणि अंबुबाई, तोंडाला मास्क लावून, आरोग्य खात्याच्या परिचारिकेबरोबर पूल ओलांडून पलीकडं गेली. बरोबर सरूबाई होत्या. शिकवणीला कोण कोण येतं ते त्यांनाच ठाऊक होतं. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. सरूबाई दार वाजवायच्या, परिचारिका विचारायची, गोळ्या द्यायची. एका मुलाला खोकला निघाला, त्याला गाडीत बसवलं. एका घरी आईनं अंबुबाईकडं बोट दाखवून विचारलं, "ही ती का?" सरूबाई म्हणाल्या, "व्हय. पोराचं बघा आधी."

शेवटची खोली वस्तीच्या टोकाला होती. समाधान नावाचा जालन्याकडचा एक जण तिथं राहायचा, चाकणच्या कंपनीच्या बसवर चालक. त्याची मुलगी स्वरा तेजूच्याच वर्गात होती. दाराला कुलूप होतं.

शेजारीण डोकावली. "ते आजच सकाळी गावाला गेले की. पोरीला कणकण होती. म्हणाले, इथं मरणाची साथ आलीय, गावाला नेतो, मोकळ्या हवेत बरी होईल."

"गावाला घरी काय हाय त्यांच्या?" सरूबाईंनी विचारलं.

"सगळंच आहे. म्हातारे आईबाप आहेत, भावांची पोरं आहेत. शेतावर कोंबड्या आहेत, बदकं आहेत..."

परिचारिकेनं शेजारणीकडून नंबर घेतला आणि लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. पलीकडून आवाज आला तेव्हा सरूबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला आणि अंबुबाईपुढं धरला.

"बोला," त्या म्हणाल्या. "तुमीच बोला."

अंबुबाईनं फोन कानाला लावला. एसटीची घरघर, कुणीतरी तिकीट मागतंय, आणि एका बाईचा दमलेला आवाज, "हॅलो? कोण?"

"बाई, स्वराचे डोळे लाल हायेत का?"

"तुम्हाला कसं माहीत? कोण बोलताय तुम्ही?"

ओळख सांगण्यासारखं तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"ज्या कोंबडीला तुमच्या पोरीनं हात लावला, ती माझी. ती रोगी व्हती. म्याच तुमच्याकडं सोडली. बाई, घाबरू नका, पर पुढं जाऊ नका. गाडी थांबवा. जवळच्या सरकारी दवाखान्यात उतरा. म्हाताऱ्यांजवळ नेऊ नका, कोंबड्यांजवळ तर आजाबात नेऊ नका. कारण सांगते. समदं सांगते तुमाला."

"अहो, ऐकलंत का," ती बाई कुणाला तरी म्हणत होती, "गाडी थांबवायला सांगा, आधी गाडी थांबवायला सांगा..."

आणि त्या गडबडीत, अगदी फोनजवळ, एक लहानसा कोरडा खोकला आला. मग पुन्हा.